माध्यम कोण ठरवते? सेमी इंग्रजीपर्यंतची पार्श्वभूमी

१६ एप्रिल २०२५ रोजी पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला. १७ जूनच्या दुसऱ्या निर्णयात ‘सक्ती’च्या जागी ‘सर्वसाधारणपणे’ आले आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. या अडीच महिन्यांत महाराष्ट्रात शाळेतल्या भाषेवर भरपूर बोलले गेले, पण जवळपास सगळे तिसऱ्या भाषेबद्दल. मराठी शाळेतले मूल गणित कोणत्या भाषेत शिकते, या प्रश्नाकडे कोणी फारसे वळले नाही. तिसऱ्या भाषेपेक्षा तो प्रश्न मुलाच्या शिकण्याला जास्त भिडतो, आणि गेल्या पाव शतकात त्याचे उत्तर बरेचसे बदलून गेले आहे.

त्याची मुळे थेट कंपनी सरकारच्या काळापर्यंत जातात. मुंबई इलाख्यात १८४० च्या दशकात शिक्षणमंडळातच दोन तट पडले होते. एकाला इंग्रजी हवी होती, दुसऱ्याला देशी भाषा. १८५४ च्या वुडच्या खलित्याने दोन्ही ठेवल्या: खालच्या इयत्तांत देशी भाषा, वरच्या शिक्षणात इंग्रजी. ही उतरंड नंतर कोणीच मोडली नाही. शूद्रातिशूद्रांच्या मुलामुलींसाठी शाळा काढणाऱ्यांनीही इंग्रजीकडे सुटकेचे साधन म्हणून पाहिले, हे मातृभाषेच्या बाजूने बोलताना अनेकदा विसरले जाते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने उलट टोक गाठून पाहिले. इंग्रजी विषय आठवीपर्यंत मागे ढकलला गेला. जानेवारी १९५४ च्या आदेशाने तर इंग्रजी माध्यमाच्या शाळांना अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाचे नागरिक सोडून इतरांना नवे प्रवेश देण्यास मनाई केली. देवळालीची एक शाळा चालवणारी संस्था न्यायालयात गेली. तिच्याबरोबर दोन पालक होते: एक भारतीय ख्रिस्ती, ज्यांच्या घरची भाषाच इंग्रजी होती, आणि दुसरे गुजराती. उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला. २६ मे १९५४ ला सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. केवळ भाषेच्या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही, हा त्याचा आधार होता. आदेश टिकला असता तर महाराष्ट्रातल्या शाळांचा चेहरा वेगळा असता. तो टिकला नाही, आणि माध्यमाच्या बाबतीत पालकांना अडवण्याचा प्रयत्न त्यानंतर महाराष्ट्रात कोणत्याही सरकारने या ताकदीने केला नाही.

१९६० ते २००० या चार दशकांत राज्यात त्रिभाषा सूत्र आले, इंग्रजी पाचवीवर स्थिरावली आणि हिंदीही तिथेच बसली. त्या वेळी यावर आजच्यासारखा गदारोळ झाला नाही.

गदारोळ झाला तो २००० मध्ये. त्या वर्षीच्या जूनपासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय आला. बालमानसशास्त्राचा आधार घेणारे विरोधात उभे राहिले. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आधी स्वतःच्या भाषेत वाचता-लिहिता येऊ द्या, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षकांची तयारी नाही, हा दुसरा आक्षेपही खरा होता, कारण खेड्यातल्या शिक्षकाने स्वतः पाचवीनंतर इंग्रजी गिरवलेली असे. समर्थकांचा मुद्दा मात्र शिक्षणशास्त्राचा नव्हता, न्यायाचा होता. मातृभाषेचा आग्रह धरणाऱ्यांची स्वतःची मुले कोणत्या शाळेत जातात, असा त्यांचा सवाल होता. शहरातल्या मुलाला शिशुवर्गापासून इंग्रजी आणि वाडीवरच्या मुलाला पाचवीपासून, हे कुठवर चालायचे? या सवालाला विरोधकांकडे उत्तर नव्हते, आणि ते नव्हते म्हणूनच निर्णय टिकला, असे मला वाटते.

पण २००० च्या निर्णयाने इंग्रजी फक्त विषय म्हणून आली होती. खरा बदल ‘सेमी’ने केला.

बाहेरच्या माणसाला ‘सेमी इंग्रजी’ म्हणजे एक ठरलेली पद्धत वाटेल. तसे काही नाही. सुरुवातीला त्याचा अर्थ होता आठवीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. शहरातल्या नावाजलेल्या मराठी शाळांत एखादी तुकडी तशी असे आणि गुणांवर तिच्यात प्रवेश मिळे. कारण साधे होते: अकरावी विज्ञान व्यवहारात इंग्रजीतूनच शिकवले जाते आणि दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा तिथे पहिले सहा महिने शब्दच शोधत बसतो. लघुकोन, परिमेय संख्या, प्रकाशसंश्लेषण ही त्याची सगळी जमवाजमव एका सुटीत निरुपयोगी होते. आठवीपासूनची सेमी हा त्यावरचा समंजस तोडगा होता. तोपर्यंत मुलाचे मराठी पक्के झालेले असे आणि गणिताच्या मूळ कल्पना स्वतःच्या भाषेत रुजलेल्या असत.

मग सेमी खाली सरकू लागली. आठवीची पाचवी झाली, २०१३ च्या सुमारास पहिलीपासूनच्या सेमीला शासनमान्यता मिळाली. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळाही त्यात आल्या. कारण आता वेगळे होते: पटसंख्या. स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा २०१२ मध्ये झाला आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा तालुक्याच्या गावांपुढे खेड्यांपर्यंत पोचल्या. त्यांच्या पिवळ्या बसगाड्या वस्त्यांवर येऊ लागल्या. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, तुकडी जाते आणि शेवटी शाळाच बंद होण्याच्या यादीत येते. फाटकावर ‘सेमी इंग्रजी’ची पाटी लावणे हा मराठी शाळेचा जगण्याचा उपाय झाला. शिक्षकांना यात दोष देता येत नाही. अनेक गावांत सेमीमुळेच मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत थांबली, काही परतही आली.

वर्गात काय घडते, हे मात्र शाळेगणिक बदलते. कुठे पुस्तक इंग्रजी, फळ्यावर इंग्रजी आणि समजावणे सगळे मराठीत. कुठे फक्त संज्ञा इंग्रजी. कुठे मुले पाढे मराठीत म्हणतात आणि उदाहरण इंग्रजीत सोडवतात. हुशार शिक्षक दोन भाषांमध्ये सहज ये-जा करतो आणि त्याच्या वर्गात मुले खरोखर दोन्हीत विचार करू लागतात. द्विभाषिक शिक्षण म्हणतात ते हेच. पण त्यासाठी शिक्षकाला तयार करणारी व्यवस्था हवी होती. डी. एड. मराठीतून केलेल्या शिक्षकाच्या हाती इंग्रजी गणिताचे पुस्तक देताना त्याला काय शिकवले, तर जवळजवळ काहीच नाही. शाब्दिक उदाहरण आले की याचा फटका बसतो: मुलाला बेरीज येते, पण बेरीज करायची आहे हे वाक्यातून कळत नाही. चूक भाषेची असते आणि गुण गणिताचे जातात. आठवीत हा धोका कमी होता, पहिलीत तो सर्वात जास्त आहे. सेमी खाली आणताना या फरकाचा विचार व्हायला हवा होता. तो झाल्याचे वर्गात तरी दिसत नाही, ही या सगळ्या इतिहासातली मला सर्वात गंभीर वाटणारी गोष्ट आहे.

कायद्याची भाषा या काळात नेमकी उलट दिशेने चालली होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ‘शक्य असेल तिथवर’ मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत घरची किंवा स्थानिक भाषा सुचवली, विज्ञान-गणिताची पुस्तके द्विभाषिक करावीत असेही सांगितले. त्याच वर्षी राज्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. पुढे पहिलीच्या मराठी माध्यमाच्या पुस्तकांत मराठीशेजारी सोपे इंग्रजी शब्दही आले. पण २०१४ मध्ये कर्नाटकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी प्राथमिक स्तरावरही सरकार मातृभाषा लादू शकत नाही, असा निकाल दिला होता. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलाची मातृभाषा कोणती, हेही पालकच ठरवतील, असे त्यात म्हटले आहे. १९५४ च्या पालकांना मिळालेले संरक्षण इथे आणखी रुंद झाले.

२०२५ चा वाद या पार्श्वभूमीवर पाहिला तर त्याचा वेग समजतो. जूनच्या निर्णयात हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा घेण्याची मुभा होती, पण त्यासाठी वर्गात किमान २० मुले हवीत अशी अट होती. लहान शाळांचा एकूण पटच पाहता ही मुभा बहुतेकांसाठी कागदावरचीच होती, आणि लोकांना ते लगेच कळले. पालक आणि मराठीप्रेमी रस्त्यावर येण्याच्या बेतात असताना सरकारने पाऊल मागे घेतले आणि समिती नेमली. समितीपुढचा प्रश्न त्रिभाषा सूत्राचा: तिसरी भाषा कोणत्या इयत्तेपासून, कशी.

म्हणजे पालकांनी इंग्रजी मागितली तेव्हा ती मिळाली. हिंदी नाकारली तेव्हा ती थांबली. ज्यांच्या घरी मराठीही बोलली जात नाही, त्यांचे काय झाले हे या नोंदीत यायलाच हवे. मेळघाटातले कोरकू मूल, नंदुरबारमधले भिली बोलणारे, गडचिरोलीतले माडिया किंवा गोंडी बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा त्याच्यासाठी मराठीच परकी असते. सेमी इंग्रजी शाळेत ते एकाच वेळी दोन अनोळखी भाषांना सामोरे जाते. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे राज्यघटनेचे ३५०-अ हे कलम १९५६ पासून सांगते. बोलीभाषांच्या शब्दसूची, काही पूरक पुस्तिका आणि काही तळमळीच्या शिक्षकांनी स्वतः केलेले साहित्य यापलीकडे राज्य फारसे गेलेले नाही.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तिथे मुले गोंडीतून शिकतात, सोबत मराठी आणि इंग्रजीही शिकतात. २०२२ मध्ये शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवून दंडाची नोटीस पाठवली. नोटिशीचा आधार होता शिक्षण हक्क कायद्यातली मान्यतेची अट. मातृभाषेचे कलम याच कायद्यात आहे. पालकांनी माध्यम निवडले होते, फक्त ते इंग्रजी नव्हते. प्रकरण न्यायालयात गेले.