सामायिक ड्राइव्ह (ड्युअल बूट संगणकावरील)

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली नांदत असताना दोन्हींना वाचता-लिहिता येणारा हार्ड डिस्कचा स्वतंत्र भाग म्हणजे सामायिक ड्राइव्ह. बोलताना सगळे त्याला डी ड्राइव्हच म्हणतात.

कोल्हापूरसारख्या शहरात ही सोय हौसेपेक्षा गरजेतून येते. डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचे जुने काम कोरलड्रॉ या डिझाइनच्या व श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेले असते. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालते. ते काढून चालत नाही. पण विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले, त्यामुळे त्यावरून बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे. मग त्याच मशीनवर एखादे हलके लिनक्स टाकले जाते आणि गिऱ्हाइकांच्या फाइली दोन्हीकडे दिसाव्यात कशा, हा प्रश्न उभा राहतो.

उत्तर फाइल सिस्टिमच्या, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीच्या, निवडीत आहे. लिनक्सची ईएक्सटी४ विंडोजला आपणहून वाचता येत नाही, म्हणून ती बाद. फॅट३२ सगळ्यांना चालते. मात्र तिच्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही. लग्नाच्या शूटिंगची फाइल ड्राइव्हवर भरपूर जागा असूनही कॉपी होत नाही, ती यामुळे. एक्सफॅटला ही अडचण नाही. विंडोज एक्सपीला तिच्यासाठी वेगळे अपडेट लागते आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ती २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून आली. पेनड्राइव्हला ती उत्तम. आतल्या डिस्कसाठी मात्र विंडोजची स्वतःची एनटीएफएसच घ्यावी. तिच्यात बदलांची नोंदवही, म्हणजे जर्नल असते, एक्सफॅटमध्ये नसते; यूपीएसची बॅटरी उतरलेली आणि ऐन कामात लाइट गेली, तर हा फरक कळतो. तरीही एनटीएफएसची खरी दुरुस्ती विंडोजच्या चेकडिस्क या डिस्क तपासण्याच्या साधनानेच होते, हे विंडोज पुसण्याआधी लक्षात घ्यावे.

डिस्कचे भाग नोंदवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत प्रायमरी पार्टिशन, म्हणजे मुख्य भाग, चारच होतात. संगणक कंपनीने विंडोज परत बसवण्यासाठी ठेवलेल्या रिकव्हरीने एकदोन आधीच अडवलेली असतात. त्यामुळे एक एक्स्टेंडेड करून त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशन पाडतात. विंडोजचे सी आणि लिनक्सचे रूट (त्याचा मुख्य भाग) आपापल्या जागी राहू द्यावे, तिसऱ्यात फक्त कामाच्या फाइली. सी ड्राइव्हच सामायिक करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा, कारण लिनक्समधून विंडोजची एखादी सिस्टिम फाइल उडवायला कोणी अडवत नाही.

सर्वाधिक तक्रारी एकाच कारणाने येतात. विंडोज ८ पासून (२०१२) फास्ट स्टार्टअप आले. त्यात 'शट डाउन' केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलची स्थिती डिस्कवर साठवून ते अर्धवट झोपते. अशा वेळी लिनक्सला तो ड्राइव्ह फक्त वाचता येतो, नाहीतर उघडतच नाही. लोक परवानग्या तपासत बसतात, काही थेट फॉरमॅट मारतात. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ती सोय बंद केली की बहुधा काम होते. तोवर 'रीस्टार्ट' देऊन लिनक्समध्ये गेले तरी चालते, कारण रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होते. विंडोज ७ मध्ये हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून बंद) केल्यावरही हाच घोळ होतो.

नावांचीही भानगड आहे. लिनक्समधून रोमन लिपीत एकच नाव एकदा मोठ्या व एकदा लहान अक्षरांत दिले तर एनटीएफएसवर दोन फाइली तयार होऊ शकतात आणि विंडोजमध्ये त्यांतली भलतीच उघडते. नावात विसर्गासारखे दिसणारे कोलन किंवा प्रश्नचिन्ह घातले तर विंडोज ती फाइल उघडायलाच नकार देते. देवनागरी नावे मात्र दोन्हीकडे नीट दिसतात. आतला मजकूर जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या लिनक्सवर रोमन अक्षरांचा गिचमिड गोंधळ दिसतो. तो दोष ड्राइव्हचा नव्हे, फॉन्ट युनिकोड (सगळ्या लिपींसाठीची सामायिक संगणकीय पद्धत) नसण्याचा.

घड्याळाचे शेवटचे. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ धरते, लिनक्स सहसा यूटीसी, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ. परिणामी लिनक्स वापरून विंडोजमध्ये आल्यावर वेळ साडेपाच तास मागे दिसू शकते. फाइलींवर चुकीची वेळ पडते आणि 'नवी तेवढी कॉपी कर' असे सांगितलेला बॅकअप नेमकी जुनी प्रत ठेवतो. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितले की हे थांबते.