पोटातलं पाणी आणि औषधाला न जुमानणारे जंतू

निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला हे सांगावं लागत नाही: तेच तेच बुरशीनाशक मारत राहिलं की डावणी रोग त्याला दाद देईनासा होतो. माणसाच्या आतड्यातल्या जंतूंचंही तसंच. त्याची फार मोठी किंमत लिव्हर सिरॉसिसचे रुग्ण मोजतात.

आतड्याकडचं रक्त आधी यकृतात जातं. वाटेत निसटलेले जंतू तिथल्या कुप्फर पेशी गिळून टाकतात. सिरॉसिसमध्ये यकृत वण पडून कडक होतं, बरंचसं रक्त त्याला वळसा घालून जातं आणि आतड्याचं अस्तरही जंतूंना अडवेनासं होतं. मग ई. कोलायसारखे जंतू रक्तात आणि पोटात साठलेल्या पाण्यात पोचतात.

अशा संसर्गात ताप येईलच असं नाही. कधी माणूस नुसता असंबद्ध बोलतो, दिवसा झोपून राहतो, लघवी कमी होते. ‘अशक्तपणा आलाय, सलाईन लावू’ म्हणत घरचे दोन दिवस काढतात. या दोन दिवसांचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. सुईने पोटातलं थोडं पाणी काढून लगेच तपासायला हवं. एका घनमिलिमीटरमध्ये २५० किंवा जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी दिसल्या की कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीची, वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू करतात. मात्र कल्चरसाठी पाणी आणि रक्त पहिल्या डोसच्या आधी घेतलेलं बरं, नाहीतर जंतू कोणता ते कळणं अवघड होतं.

सुरुवातीला बहुधा सेफोटॅक्झिमसारखं इंजेक्शन दिलं जाई. ईएसबीएल नावाचं विकर (एन्झाइम) बनवणारे जंतू ते तोडून टाकतात. त्यापुढची कार्बापेनेम औषधंही एनडीएम नावाच्या दुसऱ्या विकरापुढे हरतात. २०१५-१६ मध्ये जगभरातल्या ४६ केंद्रांत संसर्ग झालेले सिरॉसिसचे १,३०२ रुग्ण अभ्यासले गेले. कल्चरमध्ये जंतू सापडलेल्यांपैकी ३४ टक्क्यांमध्ये अनेक औषधांना न जुमानणारे जंतू निघाले, आणि हे प्रमाण आशियात, त्यातही भारतात, सर्वाधिक होतं. या रुग्णांना वारंवार ॲडमिट व्हावं लागतं, दरवेळी नवा कोर्स होतो, काहींना पुन्हा संसर्ग होऊ नये म्हणून नॉरफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक महिनोन्‌महिने चालू असतं. त्यात चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणलेल्या, लाल रेघेच्या पाकिटातल्या गोळ्यांची भर.

म्हणून सिन्नर-सटाण्याहून पेशंट नाशिकला आणताना जुनी डिस्चार्ज कार्डं, कल्चरचे रिपोर्ट आणि गेल्या तीन महिन्यांत घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी असली तरी, पिशवीत टाका. पहिलं इंजेक्शन कोणतं द्यायचं हे ठरवताना डॉक्टरांना त्यांचाच आधार असतो.