हेल्मेटमधला थर्माकोल आणि ती पिवळी टोपी

मागच्या महिन्यात कोथरूडच्या आमच्या एका मित्राने नवीन डर्ट हेल्मेट घेतलं, म्हणजे मोटोक्रॉसचं, मातीच्या ट्रॅकवर बाईक पळवताना घालायचं, चांगलं मिप्सवालं (मिप्स म्हणजे डोक्याला बसणारा पिळ कमी करायला आत घातलेली प्लास्टिकची टोपी), आणि दोनच दिवसांनी मला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ, की हे बघ आतलं पिवळं प्लास्टिक हलतंय, दुकानदाराने डिफेक्टिव्ह पीस गळ्यात मारला. मी तेव्हा मुळशीच्या पुढे चिखलात, रेंज शून्य. संध्याकाळी घरी येऊन व्हिडिओ बघेपर्यंत साहेबांनी फेविक्विकच्या दोन ट्यूब रिकाम्या करून ते प्लास्टिक पक्कं चिकटवून टाकलेलं. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी जास्तीचे पैसे मोजले, नेमकी तीच बंद करून ठेवली.

हसलो भरपूर, पण सगळा दोष त्याचा नाही. मला पण एका काउंटरवर अगदी आत्मविश्वासाने सांगितलं गेलंय की "मिप्स म्हणजे एक्स्ट्रा कुशन हो". त्यामुळे लोकांच्या डोक्यात असं बसलंय की ईपीएस, म्हणजे हेल्मेटमधला थर्माकोल, एक कुशन, मिप्स दुसरं कुशन, दोन्ही असलं की डबल सेफ्टी. तसं नाहीये. मिप्स कुशनच नाही. दोन्ही एकाच शेलच्या, म्हणजे बाहेरच्या कडक कवचाच्या, आत बसतात एवढंच साम्य, बाकी एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही.

हे समजायला आधी पडतो कसे ते बघू. समजा तुम्ही ५० च्या स्पीडला हँडलवरून पुढे उडालात. डोकं जमिनीला लागतं तेव्हा त्याला दोन वेग असतात. एक खाली येण्याचा, तो किती उंचीवरून पडलात त्यावर ठरतो, बाईकच्या स्पीडोमीटरशी त्याचा फारसा संबंध नाही. दुसरा पुढे जाण्याचा. खाली येणारा वेग जमिनीवर थांबतो, सरळ धप्प. पुढे जाणारा वेग मात्र हेल्मेटला जमिनीवर घासत नेतो, हेल्मेट कुठेतरी अडकतं, आणि डोकं गर्रकन फिरतं. धप्पचा हिशोब ईपीएसकडे, गर्रकनचा मिप्सकडे. एवढं लक्षात राहिलं तरी पुढचं वाचलं नाही तरी चालेल, पण वाचा, कारण गंमत पुढे आहे.

ईपीएस म्हणजे एक्सपांडेड पॉलिस्टायरीन, म्हणजे आपला थर्माकोल. २०१८ ला राज्यात बंदी आली तोपर्यंत दर गणपतीला ज्याची मखरं कापून कापून घरभर पांढरे दाणे व्हायचे तोच, फक्त हेल्मेटमधला कितीतरी जास्त घट्ट असतो. मखर करताना चुकून कोपर टेकलं की खड्डा पडायचा आणि तो परत भरून यायचा नाही, आठवतंय? तेव्हा आईच्या शिव्या खाल्ल्या असतील, पण हेल्मेटमध्ये तोच गुण लागतो. स्पंज दाबला की परत उसळतो, म्हणजे घेतलेली एनर्जी डोक्याला परत करतो. थर्माकोल दबतो, आतले हवेचे कप्पे फुटतात, आणि एनर्जी तिथेच संपते. गालाला लागणारं मऊ कापडी पॅडिंग फक्त फिटिंगसाठी आहे, जीव वाचवायचं काम त्याच्या मागचा कडक थर करतो.

थोडं गणित करतो, ढोबळ आहे पण डोळे उघडतं. युरोपच्या ईसीई या हेल्मेट मानकाच्या टेस्टमध्ये हेल्मेट साधारण ७.५ मीटर पर सेकंद वेगाने लोखंडावर आपटतात, म्हणजे २७ किमी ताशी, म्हणजे पावणेतीन-तीन मीटरवरून पडल्यासारखं, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून समजा. उघडं डोकं डांबरावर या वेगाने लागलं आणि २ मिलीमीटरमध्ये थांबलं तर झटका येतो १४०० जीच्या आसपास, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १४०० पट. तेच डोकं थर्माकोलमध्ये २२ मिलीमीटर रुतत थांबलं तर १३० जी. वेग तोच, डोकं तेच, फक्त थांबायला २० मिलीमीटर जास्त मिळाले. अख्खा खेळ त्या दोन सेंटीमीटरचा आहे. ईसीईची मर्यादा २७५ जी आहे, अमेरिकेच्या डॉट या सरकारी मानकाची ४०० जी.

आता यात एक गोची आहे जी ब्रोशरमध्ये लिहीत नाहीत. थर्माकोल जोरात आपटण्यासाठी घट्ट बनवला तर हळू आपटल्यावर तो दबतच नाही, डोक्याला तो दगडच. आणि हळू पडण्यासाठी मऊ केला तर मोठ्या आपटीत पूर्ण चपटा होऊन तळाला लागतो, मग पुढचं सगळं डोक्यावर. मोटोक्रॉसमध्ये तर दोन्ही प्रकार एकाच दिवसात होतात. वळणावर रटमध्ये, म्हणजे चाकांनी पडलेल्या चरीत, पुढचं चाक घसरून बाईकसकट आडवं होणं हे सकाळपासून पाचदा, आणि टेबलटॉपवर, म्हणजे सपाट माथ्याच्या उडीच्या ढिगावर, उडी कमी पडून तोंडावर येणं हे एकदाच पण कायमचं लक्षात राहणारं. म्हणून आले ड्युअल डेन्सिटी, मल्टी डेन्सिटी ईपीएस, एक थर मऊ, एक घट्ट, काहींमध्ये तर एक थर दुसऱ्यात शंकूंसारखा रुतलेला. छोट्या आपटीला मऊ थर दबतो, मोठीला दोन्ही. ईसीईच्या नव्या २२.०६ नियमात पण ६ मीटर पर सेकंदची हळू आपटीची टेस्ट वेगळी घातलीये आणि तिथे मर्यादा एकदम १८० जीवर आणलीये, म्हणजे नुसतं दगडासारखं कडक हेल्मेट बनवून आता पास होता येत नाही. मला विचाराल तर मिप्सच्या पिवळ्या स्टिकरपेक्षा ही बातमी मोठी होती, पण थर्माकोल काही दिसायला आकर्षक नाही, त्यामुळे कोण बोलणार.

आता गर्रकन.

१९४३ मध्ये ऑक्सफर्डच्या होलबर्न नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने कवटीच्या आकारात जिलेटिन भरून ते झटक्यात फिरवून बघितलं आणि मांडलं की मेंदू दाबला जाण्याने तितका बिघडत नाही जितका पिळला जाण्याने. हे पटत नसेल तर खरवस घ्या. स्टीलच्या डब्यात काठोकाठ लावलेला खरवस, डबा सरळ ओट्यावर आपटला तरी खरवसाला फार काही होत नाही. पण तोच डबा हातात धरून झटकन फिरवा, डबा फिरतो, खरवस जागेवर राहायला बघतो, आणि कडेने चिरा जातात. मेंदूचं तसंच, पाणी जसं दबत नाही तसा तोही दबत नाही, पण पिळ लगेच घेतो, आणि आतले बारीक तंतू ताणले जातात. बाहेरून कवटीला ओरखडा नाही, सीटी स्कॅन पण कधीकधी स्वच्छ, आणि माणूस चार दिवस विचारतोय आज वार कोणता.

थर्माकोल इथे जवळपास हतबल आहे. तो आतल्या दिशेने दबू शकतो, आडवा सरकू शकत नाही. हेल्मेट फिरलं की घट्ट बसलेलं डोकं पण त्याच्याबरोबर फिरतं, आणि हेल्मेट जितकं नीट बसलेलं तितकं जास्त इमानाने फिरतं.

हान्स फॉन होल्स्ट नावाचे स्वीडनचे न्यूरोसर्जन १९९० च्या दशकात याच प्रश्नाच्या मागे लागले, स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातले पीटर हालदीन त्यांच्याबरोबर, आणि त्यातून मिप्स आलं. पहिलं मिप्स हेल्मेट बाजारात आलं २००७ मध्ये, आणि ते घोडेस्वारीचं होतं, बाईकचं नाही. आयडिया साधी आहे. मेंदूभोवती जसा पाण्याचा थर असतो आणि त्यात मेंदू किंचित सरकतो, तसाच एक सरकणारा थर हेल्मेटमध्ये घालायचा. थर्माकोल आणि डोकं यांच्यामध्ये पातळ गुळगुळीत प्लास्टिकची टोपी, रबरी तुकड्यांनी अडकवलेली. तिरकी आपटी बसली की शेल आणि थर्माकोल फिरायला लागतात आणि टोपी डोक्याबरोबर मागे राहते, १० ते १५ मिलीमीटर, कुठल्याही दिशेला, अगदी काही मिलीसेकंद. तेवढ्यात फिरण्याचा झटका थोडा पसरतो. बस एवढंच. ती टोपी जेमतेम जाड आहे, ती काहीच शोषत नाही, दाबून बघाल तर कुशन नावाला पण नाही. आणि हो, ती हलायलाच पाहिजे.

मोटोक्रॉसमध्ये हे जास्त लागतं का? मला वाटतं हो. रोड हेल्मेट गोल गुळगुळीत असतं, डांबरावर घसरत जातं. डर्ट हेल्मेटला पुढे पीक आहे, म्हणजे टोपीसारखी बाहेर आलेली झडप, हनुवटी लांब काढलेली आहे, आणि खाली माती आहे जी भुसभुशीत असली तरी नांगरासारखी पकडते. पकडलं की पिळ. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची रेस झाली तेव्हा तिकडे गेलेल्यांनी बघितलं असेल मातीचे ढिगारे केवढे होते. पीक म्हणूनच मऊ स्क्रूवर बसवलेलं असतं, जोर आला की तुटून जावं. आमच्यातल्या एकाचा प्लास्टिकचा स्क्रू हरवला तर त्याने हार्डवेअरमधून स्टीलचा बोल्ट आणून मस्त घट्ट केला. डोक्याला तरफ बसवून घेतली म्हणायची. त्याला ते पटवायला मला दोन मिसळी लागल्या.

मिप्स एकटं नाहीये. अमेरिकेच्या सिक्सडी या हेल्मेट कंपनीने २०१३ च्या सुमारास थर्माकोलचे दोन पूर्ण वाडगे एकात एक घालून मध्ये झटका जिरवणारे रबरी डँपर बसवले, ते सरळ आणि फिरण्याची दोन्ही कामं एकत्र करायला बघतं, माझ्या मते कल्पना म्हणून जास्त प्रामाणिक, पण हेल्मेट जाड होतं आणि किंमत विचारू नका. लीअट कंपनीच्या हेल्मेटमध्ये आतून निळ्या बटणांसारख्या टर्बाईन नावाच्या मऊ चकत्या असतात. शोएई कंपनीने थर्माकोलचेच दोन भाग करून आतला भाग झुलता ठेवला. आणि जपानचं अराई याच्या बरोबर उलट टोकाला, ते म्हणतात आतमध्ये सरकवण्यापेक्षा बाहेरचं शेलच इतकं गोल आणि गुळगुळीत करा की अडकायलाच नको. आपल्याकडे अराई म्हटलं की पहिली वेताळ टेकडीवरची एआरएआय, ती गाड्या तपासणारी संस्था, आठवते, त्या दोघांचा काही संबंध नाही, मी कॉलेजमध्ये असताना वर्षभर समजत होतो की हे हेल्मेट पौड रोडला बनतं.

मिप्सवर टीका पण आहे आणि ती ऐकायला हरकत नाही. केस आणि डोक्याची कातडी आधीच थोडी सरकते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक किती पडतो हे हेल्मेटच्या मॉडेलवर आणि आपटीच्या कोनावर जातं. चांगलं डिझाइन केलेलं बिनमिप्सचं हेल्मेट, वाईट डिझाइन केलेल्या मिप्सवाल्यापेक्षा सरस असू शकतं. म्हणून मी स्टिकरपेक्षा ईसीई २२.०६ चा शिक्का बघतो, कारण त्यात हेल्मेट ४५ अंशाच्या खरखरीत उतारावर ८ मीटर पर सेकंदने टाकून फिरण्याचा झटका प्रत्यक्ष मोजतात, तुम्ही तो मिप्सने कमी केला की जादूने, त्यांना फरक पडत नाही. डॉटमध्ये फिरण्याची टेस्टच नाही, शिवाय तो शिक्का कंपनी स्वतःच मारते, सरकार नंतर बाजारातून उचलून तपासतं. आणि ट्रॅकपर्यंत तेच घालून गाडी चालवत जाणार असाल तर आयएसआय लागतंच, १ जून २०२१ पासून त्याच्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे.

पैसे कमी असतील तर काय? माझं उत्तर सरळ आहे, आधी फिटिंग आणि नवा थर्माकोल, मग मिप्स. जुनं, एकदा जोरात आपटलेलं मिप्स हेल्मेट ओएलएक्सवर अर्ध्या किमतीत मिळतंय म्हणून घेऊ नका, कारण पिवळी टोपी तशीच सरकेल पण मागचा थर्माकोल दबलेला असेल, आणि तो खड्डा शेलच्या आणि कापडाच्या मध्ये लपलेला असतो, बाहेरून नुसता ओरखडा दिसतो. धप्प पहिलं मारतं.

आणि आता परत आमच्या फेविक्विकवाल्याकडे. समजावून सांगितल्यावर त्याने विचारलं की आता चिकटलेलं काढू कसं, ॲसिटोनने सुपरग्लू निघतो म्हणे, घरात नेलपॉलिश रिमूव्हर आहे. मी जवळपास ओरडलोच. ॲसिटोन थर्माकोलवर पडला की थर्माकोल बर्फासारखा विरघळतो, पेट्रोल पण तेच करतं, म्हणून पंपावर हेल्मेट उलटं करून टाकीवर ठेवू नये. त्याला म्हटलं हात लावू नको, तू आता बिनमिप्सच्या हेल्मेटचा मालक आहेस असं समज, कंपनीला पिवळं लायनर सुटं मिळतं का विचार, आणि तोपर्यंत हळू चालव. त्यावर पाच मिनिटं टायपिंग टायपिंग दिसत होतं आणि मग मेसेज आला, "थोडंसं लावलंय रे आधीच."