मोबाइल मार्केटिंग, पुण्यातील

मोबाइल फोनवरून ग्राहक गाठणे, त्याला वस्तू किंवा सेवा विकणे आणि एकदा आलेल्याला पुन्हा येत ठेवणे, या सगळ्या व्यवहाराला मोबाइल मार्केटिंग म्हणतात. एसएमएस, ॲपमधल्या जाहिराती, नोटिफिकेशन, व्हॉट्सॲप आणि क्यूआर कोड ही त्याची नेहमीची साधने. पुण्यात हा धंदा दोन टोकांना चालतो. हिंजवडी, बाणेर, खराडीतल्या कंपन्या जगभरातल्या ॲपसाठी जाहिरातींचे तंत्र तयार करतात. पेठांतल्या दुकानदाराचे आणि घरगुती उद्योग करणाऱ्यांचे मात्र स्वतःच्या ॲपवाचून काही अडत नाही.

स्मार्टफोन घरोघरी पोचण्याआधी घाऊक एसएमएस आणि मिस्ड कॉल यांवरच भागत असे. फलकावरच्या नंबरला मिस्ड कॉल द्यायचा, बॅलन्स खर्च होत नाही, आणि जाहिरातदाराला नंबर आयता मिळतो. या खास देशी युक्तीवर उभी राहिलेली बंगळुरूची झिपडायल ही कंपनी २०१५ मध्ये ट्विटरने विकत घेतली. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले, सप्टेंबरात जिओचे स्वस्त इंटरनेट आले, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि मिस्ड कॉलचे दिवस भरले. पाठोपाठ प्रत्येकाने स्वतःचे ॲप काढायची लाट आली. ती ओसरली, कारण साधे आहे : वर्षातून दोनदा जिथे खरेदी होते त्या दुकानाचे ॲप फोनमध्ये कोण ठेवणार? जागा भरली की आधी तेच उडवले जाते. त्यामुळे ॲप किती जणांनी डाउनलोड केले यापेक्षा महिन्याभराने ते किती जणांकडे उरले आणि कितीजण ते उघडतात, याला आता जास्त किंमत आहे.

छोट्या व्यावसायिकांचा खरा बाजार व्हॉट्सॲपवर भरतो. व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप २०१८ मध्ये आले. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घेणाऱ्या घरगुती उद्योगाचे उदाहरण घ्या. चकली, अनारसे, भाजणी यांचे फोटो आणि किलोचे भाव कॅटलॉगमध्ये टाकलेले असतात, नवरात्रात स्टेटसवर ‘ऑर्डर सुरू’ झळकते, पैसे यूपीआयने येतात आणि डबा सोसायटीच्या गेटवर पोचतो. पाकिटावर ‘आमचा नंबर सेव्ह करून ठेवा’ असे छापलेले असते, ते उगाच नाही. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर मावतात आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केला आहे त्यालाच संदेश पोचतो. सेव्ह केलेला नंबर हीच इथली परवानगी. मोठ्या कंपन्यांना ही अट नाही. त्या व्हॉट्सॲपला पैसे भरून त्याने आधी मंजूर केलेल्या ठरावीक मजकुराचे संदेश पाठवतात. त्यांचा ओघ वाढल्यापासून एकेकाळी घरच्या माणसांपुरती असलेली ही जागाही एसएमएसच्या पेटीसारखी होऊ लागली आहे.

क्यूआर कोड मंडईतल्या भाजीच्या गाळ्यापर्यंत गेला. पैसे घेण्यापुरती ही सोय असली तरी मार्केटिंगशी तिचा जवळचा संबंध आहे. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. मग कमाईसाठी पेमेंट ॲप कर्ज, विमा आणि जाहिराती विकतात, आणि ग्राहक रोज ॲप उघडेल अशी गंमत आखतात. २०१९ च्या दिवाळीत गूगल पेने पणती, कंदील, झुमका, फूल आणि रांगोळी असे शिक्के जमवायला लावले होते. पाचही जमले तर २५१ रुपये. रांगोळी काही केल्या मिळत नसे आणि भलीभली माणसे ओळखीपाळखीत रांगोळी मागत फिरली. २५१ रुपयांत इतकी जाहिरात दुसऱ्या कुठल्या मार्गाने झाली असती असे वाटत नाही.

घरविक्रीच्या जाहिरातींवरही कोड दिसतो, पण तो विक्रीसाठी नव्हे. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, प्रकल्पाच्या प्रत्येक जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक केला. तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदणी, मुदत आणि मंजुऱ्या दिसतात. नियम चांगलाच आहे. मात्र रस्त्याकडेच्या उंच फलकावरचा कोड दुचाकीवरून स्कॅन करणे सर्कशीतले काम आहे. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत त्याचा उपयोग जास्त.

नको असलेल्या कॉल आणि संदेशांवर ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, २०१८ चे नियम लागू आहेत. १९०९ वर नोंद करून जाहिराती बंद करता येतात. प्रचाराच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेले आहेत. २०२५ मधल्या दुरुस्तीनंतर एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी एक इंग्रजी अक्षर येते : ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ सेवा, ‘टी’ व्यवहार, ‘जी’ सरकारी. खरा त्रास होतो तो साध्या दहा आकडी नंबरवरून ‘सर, वाकडला टू बीएचके बघताय का’ विचारणाऱ्यांचा. अशा नंबरविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की आता कारवाई होते. आधी सात दिवसांत दहा लागत.

पुण्यातल्या उद्योगांपैकी लहान मुलांच्या वस्तू विकणारी फर्स्टक्राय (२०१०) ही कंपनी हे ॲप आणि प्रत्यक्ष दुकान यांची सांगड घालण्याचे ठळक उदाहरण. प्रसूतिगृहात नव्या आईच्या हाती भेटीचा खोका द्यायचा, त्यात कूपन ठेवायचे आणि तिथून पुढे ग्राहक जोडायचा, ही पद्धत तिने रुजवली. २००६ मध्ये सुरू झालेल्या पबमॅटिकचे मुख्यालय अमेरिकेत असले तरी तिचे बरेचसे अभियांत्रिकी काम पुण्यात होते. ॲपमधली जाहिरातीची रिकामी जागा पापणी लवायच्या आत लिलावात काढायची, हे त्या कामाचे स्वरूप. पुण्यातच उभ्या राहिलेल्या हेल्पशिफ्टने ॲपमधून बाहेर न पडता तक्रार नोंदवण्याची सोय विकसित केली. २०२२ मध्ये ती कंपनी गेम उद्योगाला सेवा पुरवणाऱ्या कीवर्ड्स स्टुडिओजने घेतली.

ॲपच्या रचनेतल्या फसवेगिरीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये हात घातला आणि असे १३ प्रकार नावानिशी ठरवले. न मागता बास्केटमध्ये दान किंवा विमा टाकणे, शेवटच्या पायरीवर नवेच शुल्क दाखवणे, वर्गणी बंद करण्याचे बटण दडवून ठेवणे हे त्यांतले. त्याच वर्षी झालेल्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तरतूद अशी की माहिती कशासाठी हवी ते सांगूनच संमती घ्यावी, दिलेली संमती तितक्याच सहज मागे घेता यावी, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई असावी.