बार्बाडोसला व्हिसा नको, पण वाटेत लागतो!

‘भारतीय पासपोर्टवर कॅरिबियनला व्हिसाच लागत नाही’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे. बार्बाडोस, जमैका, ग्रेनेडा इथे पर्यटक म्हणून व्हिसा लागत नाही. पण पोर्तो रिको म्हणजे अमेरिका, तिथे अमेरिकन व्हिसा हवा. मार्टिनिक बेट फ्रान्सचं असलं तरी शेंगेनबाहेर, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा एकच व्हिसा चालतो त्या क्षेत्राबाहेर आहे, त्यामुळे नुसता शेंगेन व्हिसा तिथे पुरत नाही.

खरी फजिती वाटेत होते. मुंबईहून थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे गेलात तर विमान बदलायलाही इमिग्रेशनमधून जावं लागतं, म्हणजे ट्रान्झिट (वाटेत विमान बदलण्यापुरता) किंवा पर्यटक व्हिसा हवाच. लंडनमार्गे विमानतळाच्या आतच राहणार असाल तरी ट्रान्झिट व्हिसा लागतो; अमेरिका, कॅनडाचा वैध व्हिसा असणाऱ्यांना अटींसह सूट मिळते. दोन वेगळी तिकिटं काढली असतील, तर बॅग बाहेर येऊन पुन्हा द्यावी लागते. मग आतला ट्रान्झिट व्हिसा चालत नाही, हद्दीत प्रवेश देणारा लागतो. हे मुंबईच्या चेक-इन काउंटरवर कळलं की तिकीट बुडतं. म्हणून सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या.

बार्बाडोसला पोहोचल्यावर कार्लाइल बेमध्ये कासवं पाहा, हॅरिसन गुहा पाहा. २०२४ चा टी-२० विश्वचषक आपण जिंकलो ते केन्सिंग्टन ओव्हल मैदान इथल्या राजधानीत, ब्रिजटाउनमध्येच आहे. लष्करी छापाचे कपडे मात्र घरीच ठेवा, मुलांचेसुद्धा. तिथे ते बेकायदा आहेत. किनाऱ्यावरच्या मँचिनील झाडाखाली पावसात उभं राहू नका, चिकाच्या थेंबांनी अंगावर फोड येतात.