वाऱ्याचा घन आणि गावाची हरकत

नाशिकहून सिन्नरमार्गे विश्रामगडाकडे, म्हणजे जुन्या पट्टा किल्ल्याकडे जाताना पठारावर पवनचक्क्या लागतात. गेल्या श्रावणात तिथे गेलो, तेव्हा ढग इतके खाली उतरले होते की मनोऱ्यांचे बुंधेच काय ते दिसत होते आणि पाती केवळ ऐकू येत होती. घड्याळ लावून ते घुमणे मोजले, तर मिनिटाला ४५ भरले. पाती तीन, म्हणजे मिनिटाला १५ फेरे. खाली वाडीत चहा घेताना एक आजोबा शांतपणे म्हणाले, "भाऊ, हे पंखे आले आणि पाऊस पांगला."

ही तक्रार सातारा, सांगली, धुळे अशा जिल्ह्यांतही वर्षानुवर्षे ऐकू येत आली आहे. तिचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी हजार टन भरते. तेवढ्या वाफेचे पाणी होताना जी उष्णता बाहेर पडते, ती विजेच्या भाषेत सुमारे सात लाख युनिट होते. दोन मेगावॉटची पवनचक्की दिवसरात्र पूर्ण क्षमतेने फिरली, तरी दिवसाला ४८ हजार युनिटच देते. म्हणजे त्या एका मिलिमीटरची बरोबरी करायला तिला चौदा-पंधरा दिवस लागतील. शिवाय मोसमी वाऱ्याचा थर काही किलोमीटर जाडीचा असतो आणि पवनचक्की त्याच्या तळाचा शे-दीडशे मीटरचा पदर तेवढा चाळते. ढग पांगवणे तिच्या आवाक्यातले नाही. पण ढगात बुडालेले यंत्र ज्याला रोज डोळ्यांसमोर दिसते, त्याला हा संशय येणे स्वाभाविकच आहे, आणि तो यायच्या आधी कोणी त्याला काही विचारले होते का, हा प्रश्न उरतोच.

पवनचक्की नेमकी डोंगरावरच का जाते, याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. सेकंदाला ६ मीटर वेगाचा वारा आणि ८ मीटर वेगाचा वारा यांतला फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण ६ चा घन २१६ आणि ८ चा ५१२ असल्यामुळे दुसऱ्या वाऱ्यात शक्ती जवळजवळ २.४ पट असते. त्यामुळे उद्योजकाला कड्यावरची, खिंडीतोंडची, उघड्या पठाराची जागाच हवी असते. आणि सह्याद्रीत त्याच जागी जंगल, गड, गायरान आणि देवाची ठाणी असतात. पन्नास-साठ मीटरचे एकसंध पाते वर न्यायचे, तर घाटातली वळणे रुंद करावी लागतात, उतार कापावा लागतो. मनोऱ्याचा पाया फार जागा खात नाही, रस्ता खातो.

पवनचक्क्या कुठे उभ्या करायच्या, हा वाद युरोपात अलीकडे फार पेटला आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाचा गॅस नकोसा झाला, आणि युरोपीय संघाने २०२३ च्या सुधारित नवीकरणीय ऊर्जा निर्देशात, सदस्य देशांनी ठरवून दिलेल्या 'वेगवान' क्षेत्रांत जमिनीवरील पवनप्रकल्पांना साधारण १२ महिन्यांत परवानगी द्यायचे ठरवले. पवनचक्क्यांना होणारा राजकीय विरोध बहुतेक वेळा अंतराच्या नियमाचे रूप घेतो. जर्मनीतील बव्हेरियाने २०१४ मध्येच वस्तीपासून यंत्राच्या उंचीच्या दहापट अंतर सक्तीचे केले होते. यंत्र २०० मीटरचे असेल, तर अंतर दोन किलोमीटर. आपल्याकडे २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत घरापासून ५०० मीटर अंतर सांगितले होते. अंतर चौपट झाले की वर्ज्य वर्तुळाचे क्षेत्रफळ सोळापट होते. निफाड-दिंडोरीच्या बाजूला, जिथे मळ्यामळ्यांत घरे आहेत, तिथे प्रत्येक घराभोवती असे वर्तुळ काढले, तर नकाशावर मोकळी जागा शोधावी लागेल. 'आमचा पवनऊर्जेला विरोध नाही, फक्त अंतर पाळा' हे वाक्य म्हणूनच नेत्यांना सोयीचे पडते; नकार द्यावाच लागत नाही, भूमिती तो देते.

पण सगळा विरोध असा सोयीचा नसतो. नॉर्वेच्या फोसेन भागात सामी या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या रेनडिअर चराईच्या भूमीवर १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्याही खटला चालू असतानाच. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परवाने अवैध ठरवले, कारण त्यांमुळे सामींच्या संस्कृतिजतनाच्या हक्कावर घाला येत होता. चक्क्या मात्र फिरतच राहिल्या, आणि २०२३ मध्ये तरुण आंदोलक ओस्लोतील मंत्रालयात ठाण मांडून बसले. एका गटाशी तडजोड व्हायला त्या वर्षाचा डिसेंबर आणि दुसऱ्याशी व्हायला पुढच्या वर्षाचा मार्च उजाडला. आधी वाचवलेला वेळ असा नंतर भरावा लागला.

भारतात याची चर्चा होते, तेव्हा एक गोष्ट सहसा निसटते. पर्यावरणीय मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत ज्या प्रकल्पांची यादी आहे, तीत पवनऊर्जा नाही. त्यामुळे त्या अधिसूचनेखालील जनसुनावणीही नाही. वनजमीन असेल तर वेगळी परवानगी लागते, वनहक्काच्या प्रश्नात ग्रामसभा येते, एवढेच. युरोप ज्या वेगासाठी आज भांडतो आहे, त्याचा मोठा भाग आपण केव्हाच देऊन बसलो आहोत. सुनावणीचे दार नसले की हरकत दुसरीकडून येते: कधी रस्ता अडवून, कधी पाऊस पांगल्याच्या बोलण्यातून, कधी न्यायालयातून. माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात तेच घडले. त्याला समोरचे नीट दिसत नाही आणि तो विजेच्या तारांवर आदळतो; पवन आणि सौर प्रकल्पांची वीज अशाच तारांवरून जाते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अधिवासातील तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला आणि २०२४ मध्ये तो बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला.

गंमत अशी की या व्यवसायात एका बाबतीत कोणीच घाई करत नाही. यंत्र बसवण्याआधी त्या जागी मोजणीचा मनोरा उभारून किमान वर्षभर वारा नोंदवला जातो, कारण चारही ऋतूंचे आकडे पाहिल्याशिवाय कर्ज देणारे पैसे सोडत नाहीत. नाशिकच्या डोंगरांवर आषाढातला वारा आणि मार्गशीर्षातला वारा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे त्यांनाही ठाऊक आहे. त्याच बारा महिन्यांत, त्याच मनोऱ्याखाली, गिधाडे किती वेळा आणि किती उंचीवरून जातात, वटवाघळे कुठल्या कपारीत आहेत, कुठला झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो आणि वाडीची गुरे कुठल्या वाटेने चढतात, हेही लिहून ठेवता येते. त्याला एक दिवसही जास्तीचा लागत नाही. एक वही आणि वाडीतला एक माहीतगार माणूस लागतो.