मिनिबाईक, जुनी : इंजिनाची निवड (खानदेश)

लहान चाकांची व ठेंगण्या सांगाड्याची मोटारसायकल. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत जतनासाठी शोधली जाणारी अशी गाडी म्हणजे मुख्यतः एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत जीटीएस १७५. ‘बॉबी’ (१९७३) या चित्रपटात झळकल्यापासून लोक तिला बॉबी राजदूत म्हणतात.

मिनिबाईकचा उगम वादग्रस्त आहे. काही जण दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश ‘वेलबाईक’ला आद्य मानतात. छत्रीधारी सैनिकांसाठी ती घडी करून नळकांड्यात भरून विमानातून टाकत; तिला ९८ सीसीचे व्हिलियर्स टू-स्ट्रोक इंजिन होते. दुसरे मत अमेरिकेकडे बोट दाखवते : तेथे १९४६ च्या सुमारास निघालेल्या ‘डूडलबग’ला ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे दीड अश्वशक्तीचे इंजिन होते. होंडाची ‘मंकी’ (१९६१) मुळात करमणूक-उद्यानातील मुलांसाठी बनली व तिने ४९ सीसीचे इंजिन कंपनीच्याच ‘सुपर कब’वरून घेतले. जीटीएसचे नाते या तिसऱ्या परंपरेशी जुळते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कारण तिचेही इंजिन मोठ्या भावंडाचे, म्हणजे राजदूत १७५ चे आहे. हे १७३ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन पोलंडच्या एसएचएल एम११ या गाडीवरून आले.

या नात्यामुळे मूळ इंजिन उभे करणे सर्वांत सुकर ठरते. राजदूत १७५ ग्रामीण भागात दीर्घकाळ चालली. त्यामुळे पिस्टन-रिंग, क्रँकचे बेअरिंग, ऑईल सील व पॉइंट (ठिणगीचा प्रवाह तोडणारे संपर्क) हे भाग भंगारातल्या राजदूतवरूनही मिळू शकतात. सिलिंडर झिजला असल्यास बोअरिंग करून, म्हणजे तो आतून कोरून, वाढीव मापाचा पिस्टन बसवतात. क्रँक सील मात्र प्रत्येक वेळी नवेच घालावे. सील गळले की क्रँककेसमध्ये (क्रँक ज्यात फिरतो त्या इंजिनाच्या कवचात) बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, आणि इंजिन तापते. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा वाऱ्यावर थंड होणाऱ्या या इंजिनाला ती चूक परवडत नाही, पिस्टन चिकटतो. त्या काळच्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठी पेट्रोलमध्ये साधारण ४ ते ५ टक्के ऑईल मिसळत. धूर कमी व्हावा म्हणून ते प्रमाण निम्म्यावर आणणे धोक्याचे आहे. काळ्या मातीच्या धुळीमुळे एअर फिल्टरही वरचेवर धुवावा लागतो.

मूळ इंजिन हरवलेल्या सांगाड्यांसाठी, तसेच अमेरिकी धर्तीच्या घरगुती बांधणीसाठी, फवारणी पंप किंवा पॉवर वीडरचे (तण काढण्याच्या यंत्राचे) फोर-स्ट्रोक इंजिन हा पर्याय आहे. होंडा जीएक्स२०० (१९६ सीसी) व त्याच्या नकला या प्रकारात मोडतात. घेताना शाफ्ट पाहावा. केळी-कापसाच्या शेतीतील अशा इंजिनांपैकी काहींना निम्म्या फेऱ्यांवर आणणारा रिडक्शन गिअर असतो, काहींचा शाफ्ट पंपासाठी आटे पाडलेला असतो. सेंट्रिफ्यूगल क्लचला (फेऱ्या वाढल्या की आपोआप पकडणाऱ्या क्लचला) सरळ, पाऊण इंची, चावीच्या (पाचरीच्या) खाचेचा शाफ्ट लागतो. हा क्लच मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांना पकडत असल्याने रिडक्शनवाले इंजिन त्याला निरुपयोगी आहे. पेट्रोलवर सुरू होऊन केरोसिनवर चालणाऱ्या इंजिनाचे कॉम्प्रेशन कमी असते, तेही टाळावे. ३,६०० फेऱ्या, साखळीचे ६:१ गुणोत्तर आणि १४ इंच व्यासाचे चाक असल्यास वेग ताशी ४० किमी.च्या आसपास येतो. अधिक वेगासाठी गव्हर्नर (फेऱ्यांना मर्यादा घालणारा भाग) काढला, तर कनेक्टिंग रॉड तुटण्याचा संभव असतो.

लहान मुलांच्या गाड्यांना लुना या मोपेडचे (१९७२ पासून) ४९ सीसीचे इंजिन पुरते.

कायद्याच्या दृष्टीनेही निवड महत्त्वाची आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपातील दुचाकीला ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. सांगाडा वा इंजिन यांत मोठा बदल केलेली गाडी यातून वगळली जाते. एरवीही मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीकृत गाडीचे इंजिन बदलण्यास परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. म्हणून १९७० च्या दशकातील जीटीएसमध्ये पंपाचे इंजिन बसवण्याआधी मूळ क्रमांकाचे क्रँककेस, फुटके का असेना, जपून ठेवावे. ॲल्युमिनियमचे वेल्डिंग करून ते पुन्हा वापरात आणता येते.